नवशिक्याला 'लागणे' कसं समजवायचं?

अनुस्वार

नमस्कार मंडळी. माझी वहिनी मूळची कोलकात्याची. लग्नानंतर पुण्यात आली आणि अगदी मनापासून मराठी शिकतेय. वाचायला बऱ्यापैकी जमतं, भाजीवाल्या मावशींशी आणि रिक्षावाल्यांशी बोलून घेते. तिला शिकवायचं काम घरात माझ्याकडे आहे. आता आम्ही दोघी 'लागणे' या क्रियापदापाशी येऊन थांबलो आहोत.

तिचं म्हणणं, घरात दर दोन वाक्यांनी हाच शब्द कानावर पडतो आणि दरवेळी अर्थ वेगळा. तिने वहीत उतरवून घेतलेली ही काही वाक्यं बघा. भूक लागली. फोन लागत नाहीये. निकाल लागला. दार नीट लागलंय का बघ. भात खाली लागला वाटतं. पडलीस ना, कुठे लागलं? सोफ्याला किती पैसे लागले? मला जावं लागेल. पाऊस पडायला लागला. सगळी आमच्याच घरातली, एकाच दिवसातली.

बंगालीतही 'लागा' आहे, त्यामुळे गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो. 'आमार भालो लागे' म्हणजे मला आवडतं, छान वाटतं. मग सिनेमा बघून आल्यावर ती आईला म्हणाली, "सिनेमा छान लागला." आईने विचारलं, "कुठे लागलाय?" दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश उघडला, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडला. दोन्हीकडे 'लागणे'ची नोंद लांबलचक आहे. जाणत्याला ती वाचताना फार आनंद होतो, पण नवीन माणसाला अर्थांची एवढी मोठी रांग देऊन काही हाती लागत नाही. (हे लिहितानाही शब्द आलाच.) तुम्ही कुणी अमराठी माणसांना शिकवलं असेल तर सांगा, सुरुवात कुठून करावी?

सांजवात

फार सुंदर विषय. मी मुळापासून सुरुवात करीन. संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. त्यापासून 'लग्न', म्हणजे जोडलेलं. प्राकृतात त्याचं झालं 'लग्ग' आणि मराठीत 'लाग'. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. त्याच वाटेने लग्न, लग्ग, लाग. पंजाबीत तो जोड अजून टिकून आहे, 'लग्गणा' म्हणतात.

एकदा 'चिकटणे' हा अर्थ धरला की बरीचशी वाक्यं आपोआप उलगडतात. दार चौकटीला टेकतं म्हणून लागतं. भात भांड्याच्या बुडाला चिकटतो म्हणून लागतो. फोन पलीकडच्या फोनशी जोडला जातो. दगड पायाला येऊन भिडतो म्हणून पायाला लागतं. भूक, तहान, वेड, नाद, लळा, ध्यास, चिंता हे सगळं माणसाला येऊन चिकटतं. आणि 'लग्न लागलं' यात तर एकच धातू दोनदा आला आहे. ज्योतिषातलं 'लग्न'सुद्धा हेच. त्या घटकेला पूर्व क्षितिजाला लागलेली रास ती लग्नरास.

संतांच्या मराठीतलं 'तुजलागी', 'मजलागी' आठवा. म्हणजे तुला, माझ्यासाठी. आपल्या 'ला' या प्रत्ययाचं मूळ या 'लागी'त शोधणारे अभ्यासक आहेत. सगळ्यांना ते मान्य नाही, पण मला स्वतःला ते पटतं.

गोदाकाठ

सांजवात, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. पण नवशिक्यासाठी ही सुरुवात असू नये, असं माझं ठाम मत आहे. बदलीवर महाराष्ट्रात आलेल्या बँक अधिकाऱ्यांना मी मराठी शिकवते. तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया, सगळे असतात. मूळ अर्थाने ज्याला भाषा आधीच येते त्याचे डोळे उघडतात. ज्याला येत नाही त्याला 'चिकटणे'वरून 'निकाल लागला'पर्यंत पोचता येत नाही, आणि बोलताना तेवढा वेळही नसतो.

मी अर्थ बाजूला ठेवते आणि वाक्याचा साचा शिकवते. 'लागणे'त सगळ्यात महत्त्वाचं काय, तर माणूस 'मी' आहे की 'मला' आहे.

पहिला साचा 'मला'चा. मला भूक लागली. मला तहान लागली. मला ठसका लागला. मला वेड लागलं. इथे क्रियापद माणसाकडे बघतच नाही, ते भुकेकडे, ठसक्याकडे बघतं. पुरुष असो, बाई असो, 'भूक लागली'च. हिंदी येणाऱ्यांना हे लगेच कळतं, बाकीच्यांकडून घोटवून घ्यावं लागतं.

दुसरा साचा सक्तीचा, तोही 'मला'चाच. मला जावं लागतं. मला एक फोन करावा लागला. मला भाजी करावी लागली. मला चार पोळ्या जास्त कराव्या लागल्या. करावा, करावी, करावं, कराव्या हे कर्माप्रमाणे बदलतं आणि पाठोपाठ 'लागणे'ही बदलतं. माझ्या वर्गात यावर पूर्ण एक तास जातो आणि तो जाऊ द्यावा.

तिसरा साचा सुरुवातीचा, आणि इथे माणूस 'मी' होतो. मी लिहू लागलो. ती हसू लागली. बोलताना आपण 'लिहायला लागलो', 'हसायला लागली' म्हणतो. 'लिहू लागलो' हे आता जास्त करून लिखाणात दिसतं.

आता खरी मेख बघा. बोलताना आपण सक्तीसाठीसुद्धा 'जायला लागतं' म्हणतो. म्हणजे दोन्हीकडे शब्द तेच, फरक फक्त 'मी' आणि 'मला'चा. "मी पाचला उठायला लागलो" म्हणजे पाचला उठायची सवय सुरू केली. "मला पाचला उठायला लागलं" म्हणजे नाइलाजाने उठलो. "मी बोलायला लागले" आणि "मला बोलायला लागलं" यात एका अक्षराने सगळी परिस्थिती बदलते. वहिनींना अशा जोड्या द्या, रोज दोन-तीन. आठवड्याभरात कान तयार होतो.

अनुस्वार

गोदाकाठ, 'मी' आणि 'मला'ची जोडी आज लगेच घेतली. वहिनीने स्वतःहून वाक्य केलं, "मी मराठी बोलायला लागले कारण मला मराठी बोलायला लागतं." ऐकून आई एवढी खूश झाली की बाबांना हाक मारून पुन्हा म्हणायला लावलं.

एक अडचण मात्र आहे. 'ने' आपल्या भूतकाळात येतो हे कळल्यापासून ती तो सगळीकडे वापरते. बंगालीत असा 'ने' नाही, त्यामुळे तो कधी गाळायचा याचा अंदाजच नाही. "तिने भाकरी थापू लागली" असं म्हणते. चूक आहे एवढं सांगता येतं, का ते नीट सांगता येत नाही.

गोदाकाठ

'थापणे' सकर्मक आहे म्हणून ती 'ने' लावतेय. तिचा तर्क बरोबर आहे, फक्त वाक्याचा कारभार 'थापणे'कडे नाही, तो 'लागणे'कडे आहे. 'लागणे' अकर्मक, त्याला 'ने' चालत नाही. म्हणून "ती भाकरी थापू लागली". 'सुरुवात करणे' वापरलं तर ते सकर्मक, म्हणून "तिने भाकरी थापायला सुरुवात केली". दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून द्या. शेवटचं क्रियापद कोण आहे ते बघायचं आणि मग 'ने'चा निर्णय घ्यायचा.

खोडवा

गोदाकाठ ताई, तुमच्या तिसऱ्या साच्यात एक भर घालतो. आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात 'करू लागणे' याचा अर्थ मदत करणे असाही आहे. "मला पोतं उचलू लाग." "आईला भाकऱ्या करू लाग जरा." "भांगलणीला (तण काढायला) माणूस मिळंना, म्हणून शेजारची आली नि भांगलू लागली." इथे कुणी काही सुरू करत नाही, हातभार लावतं. आमच्या घरी तर मुलं मोठी झाली याची खूण म्हणजे ती करू लागतात.

ओळखायची खूण सोपी आहे. "तो भांडी घासू लागला" म्हणजे सुरुवात केली. "तो आईला भांडी घासू लागला" म्हणजे आईला मदत केली. मध्ये 'आईला' आलं की अर्थ फिरला.

आणि आमच्या शेतातला 'लागण' हा शब्द. ऊस लावला की ती लागण. जुलै-ऑगस्टात केली तर आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू. पहिलं पीक तुटून गेलं की त्याच बुडख्यांवर जो फुटून येतो तो खोडवा. म्हणून गावात कुणाचा ऊस बघितला की पहिला प्रश्न असतो, "लागण आहे का खोडवा?" शहरात हाच शब्द साथीच्या रोगाला वापरतात. कोविडच्या बातम्यांत "लागण झाली" ऐकलं की आमच्या आजीला पहिल्यांदा ऊसच आठवायचा. कोकणात भाताची लावणी म्हणतात, आमच्याकडे रोपलागण म्हणतात. झाड जगलं तर "रोप लागलं", कलम धरलं तर "कलम लागलं", फळ धरलं तर "आंबे लागले", बोअरला यश आलं तर "पाणी लागलं". शेतात 'लागलं' हा शब्द आनंदाचा आहे. वहिनींना एकदा जूनमध्ये रानात घेऊन या, सगळे अर्थ चालता चालता दाखवतो.

शेंदूर

मी वडोदऱ्याची. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत गेल्या, घरात मराठीच बोलतो. पण आमच्या इथल्या मुलांच्या तोंडी "मला असं लागतं की" हे सर्रास असतं. गुजरातीत 'मने एवुं लागे छे', हिंदीत 'मुझे लगता है', बंगालीतही 'भालो लागे' आहेच. मराठीत तिथे 'वाटणे' हवं. आता मुंबई-पुण्याकडच्या मुलांकडूनही हे 'लागतं' ऐकू येतं, आणि मला ते खरोखर बोचतं. आपल्याकडे 'वाटणे'सारखा नेमका शब्द असताना तो का सोडायचा?

वहिनींसाठी हीच पहिली पायरी असावी असं मला वाटतं, कारण त्यांची चूक इथूनच होतेय. मनात जे उमटतं ते वाटतं. छान वाटलं, भीती वाटली, लाज वाटली, कौतुक वाटलं. जिभेवर जे उमटतं ते लागतं. कैरी आंबट लागते, आमटी खारट लागली, तापात सगळं कडू लागतं. म्हणजे "आमटी छान लागली" बरोबर, "सिनेमा छान लागला" चूक. सिनेमा लागतो तो थिएटरात. तो बघून छान वाटतं किंवा तो आवडतो.

थंडीचं आणखी वेगळं. बंगालीत, हिंदीत ठंडी लागते. मराठीत थंडी वाजते. ऊन मात्र लागतं, वारा लागतो.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे अमरावती-अकोल्याकडे सक्तीचा साचा अजून आखूड आहे. "मले जा लागते." "करा लागते." तुमचं 'जावं', 'करावा', 'करावी', 'कराव्या' काही नाही. नागपूरला बदलून आलेली माणसं हे लवकर उचलतात, कारण त्यात लिंगाचा घोळ नाही. पुण्यात बोलल्यास लोक हसतील म्हणून वहिनींनी पुण्याचंच शिकावं, पण ऐकलं तर कळायला हवं.

दर्यावर्दी

मालवणीत "माका जावचा लागतला". भूक आमच्याकडेही लागतेच, "माका भूक लागली". पण सीमा ओलांडून गोव्यात गेलात की कोंकणीत भूक लागते आणि सक्ती मात्र पडते. "म्हाका वचचें पडटा." आपल्या मराठीतही 'भाग पडणे' आहेच की, "मला जाणं भाग पडलं". तेव्हा भुकेसाठी 'लागणे' सगळ्या किनाऱ्याला आहे, सक्तीसाठी मात्र गावोगाव निराळी सोय.

तंबोरी

'लागणे' शिकवताना त्याचा जोडीदार 'लावणे' सोबत घ्यावाच. आपोआप झालं की लागलं, कुणी केलं की लावलं. दार लागलं, दार लावलं. दिवे लागले, दिवे लावले. पत्ता लागला, पत्ता लावला. सगळ्यात छान जोडी 'शोध'ची. "पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला" आणि "फ्लेमिंगने पेनिसिलिनचा शोध लावला". दोन्ही वाक्यं बरोबर आणि आता 'ने' कुठे येतो तेही दिसतं. 'लावणे' सकर्मक, त्याला 'ने' लागतो. वहिनींच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर याच जोडीतून पक्कं होईल.

गाण्यात तर या शब्दाशिवाय आमचं पान हलत नाही. बैठकीआधी तंबोरा लावतात. चारही तारा मिळून जवारी (तारांचा गुंजणारा नाद) बोलू लागली की "तंबोरा लागला". गवयाचा गळा त्या दिवशी मोकळा असेल तर "आज षड्ज छान लागलाय". रागातले स्वर सांगतानाही हेच. यमनात तीव्र मध्यम लागतो. भूपात मध्यम आणि निषाद लागत नाहीत. विद्यार्थी विचारतो, "या रागात कोमल गंधार लागतो का?" इथे 'लागतो'च्या जागी 'येतो' म्हटलं तरी चालतं, पण 'लागतो' म्हटल्यावर तो स्वर नेमका किती उंचीवर, कशा वजनाने ठेवायचा हेही त्यात येतं. गुरू शेजारी बसून "हां, आता लागला" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ शिकवावा लागत नाही, तो कानाला कळतो.

सांजवात

गोदाकाठ, तुमचं म्हणणं पटलं. मूळ अर्थ आधी नको, साचे आधी. पण पुढच्या टप्प्यावर मूळ अर्थ कामाला येतो, तो असा.

शरीराच्या बाबतीत नवशिके कायम अडतात की कशाला 'लागणे' आणि कशाला 'येणे'. शिंक येते, जांभई येते, ढेकर येतो. पण उचकी लागते, धाप लागते, ठसका लागतो, ढास लागते. पहिल्या गटातलं येतं आणि जातं. दुसऱ्या गटातलं आलं की धरून बसतं, पाणी प्यायल्याशिवाय, थांबल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे चिकटतं. नियम शंभर टक्के नाही. खोकला येतोही आणि लागतोही. पण एखादी उबळ आली तर "खोकला आला" आणि रात्रभर छळलं तर "खोकला लागला", तेव्हा फरक तिथेही तोच.

यातली सगळ्यात उपयोगी जोडी झोपेची. "मला झोप आली" म्हणजे डोळे मिटायला लागलेत, अजून जागी आहे. "मला झोप लागली" म्हणजे झोपून गेले. बंगालीत 'घूम पेयेछे' म्हणतात ती आपली 'झोप आली'. भुकेलाही त्यांच्याकडे हेच क्रियापद, 'खिदे पेयेछे'. म्हणून वहिनी भुकेवरून झोपेकडे जाताना "झोप लागली" म्हणण्याची शक्यता फार. सासरी रात्री साडेनऊला "मला झोप लागली" म्हणाल्या तर ऐकणारा चकित होईल, कारण झोप लागलेला माणूस बोलत नाही.

पागोळी

दुकानात आणि पाहुण्यांकडे उपयोगी पडेल असा एक बारकावा सांगते. 'हवं' किंवा 'पाहिजे' ही आत्ताची इच्छा. 'लागतं' ही नेहमीची गरज. "मला चहा हवाय" म्हटलं की कुणीतरी आधण ठेवतं. "मला चहा लागतो" म्हटलं की ती तुमची सवय कळते, उठल्या उठल्या लागतो, चारला लागतो. भविष्यकाळात हेच क्रियापद किती आदबीचं होतं बघा. "अजून काही लागेल?" असं वाढणारी विचारते. "काही लागलं तर हक्काने सांगा" असं शेजारी म्हणतात. "काही पाहिजे असलं तर" यापेक्षा यात आपुलकी जास्त आहे असं मला नेहमी वाटतं. पाहुण्याला मागावं लागू नये, गरज म्हणून आपण आधीच ओळखावं, असा त्यात भाव आहे.

बंगालीत 'आमार टाका लागबे' म्हणजे मला पैसे लागतील. तेव्हा हा अर्थ वहिनींना आयताच मिळेल.

गोदाकाठ

पागोळी, हा बारकावा मी माझ्या वर्गात अजून सांगत नव्हते, आता नक्की घेईन.

लालपरी

एसटीवाल्यांतर्फे माझे चार शब्द. स्टँडवर "फलाट क्रमांक पाचवर लागलेली गाडी" अशी घोषणा होते. त्याच गाडीत बसल्यावर शेजारच्या काकू म्हणतात, "मला गाडी लागते, खिडकीजवळ बसू दे." साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट लागतो. घाटात काकूंना गाडी लागते. सिग्नलला गाड्यांची रांग लागते, म्हणून पोचायला वेळ लागतो. एका प्रवासात एवढं सगळं लागतं. अनुस्वार, वहिनींना एकदा स्वारगेटवरून एसटीने साताऱ्याला न्या आणि वाटेत प्रत्येक 'लागणे' मोजायला सांगा. वही घेऊन शिकण्यापेक्षा हे पक्कं बसेल.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी तोंडात सुंठ किंवा आवळा सुपारी ठेवावी. विषयांतर आहे, पण अनुभवाने सांगतो.

सांजवात

लग्नावरून सुरुवात केली होती तर तेही पूर्ण करते. "लग्न झालं", "लग्न केलं", "लग्न लावलं", "लग्न लागलं", चारही वेगवेगळी. नवरा-नवरी लग्न करतात. गुरुजी लग्न लावतात. मंगलाष्टका संपून अक्षता पडल्या आणि अंतरपाट दूर झाला, त्या क्षणी लग्न लागलं. उशिरा पोचलेला पाहुणा मांडवाच्या दारात विचारतो, "लागलं का हो लग्न?" तो "झालं का?" असं विचारत नाही, कारण जेवणं, सप्तपदी, पाठवणी सगळं व्हायचं असतं. मुहूर्त गाठला की चुकला एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. महिने आणि नक्षत्रंसुद्धा अशीच मुहूर्ताने लागतात. श्रावण लागला, आश्लेषा लागली. ग्रहणाच्या आधी वेध लागतात. त्यावरूनच पोरांना मे महिन्याच्या सुट्टीचे वेध लागतात.

खोडवा

दोन वाक्प्रचार मात्र लवकर शिकवा, नाहीतर घोटाळा होतो. "वाटेला लागलो" म्हणजे निघालो. "वाट लागली" म्हणजे सगळं बिघडलं. आमच्या गावात बिहारहून आलेला एक मिस्त्री आहे. मालकाला फोनवर "माझी वाट लागली" म्हणाला. म्हणायचं होतं निघालोय. मालक काळजीने मोटरसायकल काढून रस्त्यापर्यंत आला.

आणि 'मी', 'मला'च्या गोष्टीत आणखी एक. "मला नोकरी लागली" आणि "मी नोकरीला लागलो" दोन्ही म्हणतात. "मला त्याचा नाद लागला" आणि "मी त्याच्या नादाला लागलो". पहिल्यात नोकरी माणसाला लागते, दुसऱ्यात माणूस नोकरीला लागतो. हे कसं काय?

गोदाकाठ

फार चांगलं टिपलंत. साचा उलटा फिरतो. 'ला' ज्याच्या अंगावर, तो जागचा जागी, आणि दुसरं त्याला येऊन भिडतं. "मला नाद लागला" यात नाद आला, मी होते तिथेच होते. "मी नादाला लागले" यात मी चालत त्याच्याकडे गेले. म्हणून मुलाची बाजू घेणारी आई म्हणते, "त्याला नाद लागला हो." बाप म्हणतो, "नादाला लागलाय तो." दोष कुणावर ठेवायचा ते व्याकरणातच ठरतं. 'कामाला लागणे', 'मागे लागणे', 'अभ्यासाला लागणे' सगळी या उलट्या साच्यातली, आणि सगळीकडे माणूस स्वतः हलतो.

सांजवात, इथे तुमचा मूळ अर्थ सरळसरळ दिसतो. कुणी कुणाला चिकटायचं, एवढाच प्रश्न आहे.

अनुस्वार

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. वहिनीलाही सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, खोडवांचं निमंत्रण तिने स्वीकारलं आहे. माझा क्रम आता असा ठरतोय. आधी शेंदूर यांचं वाटणं आणि लागणं, कारण रोजची चूक तिथे आहे. मग भूक-तहान आणि झोपेची जोडी. मग सक्तीचा साचा, पोळ्या-भाज्यांसकट, त्याला हवा तेवढा वेळ. 'मी' आणि 'मला'ची जोडी चालूच आहे. 'लावणे' त्यानंतर. मुळाची गोष्ट शेवटी, कारण ती ऐकायला तिला आवडेल. शाळेत संस्कृत होतं तिला.

आज तिने विचारलेला एक प्रश्न तेवढा राहिला. "मला लागेल" म्हणजे मला गरज पडेल, की मला इजा होईल? मी दोन्ही म्हणाले, आणि तिने पेन खाली ठेवलं.

गोदाकाठ

नुसतं "लागेल" असेल, सोबत काहीच नसेल, तर इजा. "उतर खाली, लागेल तुला." "हळू, लागतंय मला." गरज असेल तर वस्तू वाक्यात असते किंवा आधीच्या वाक्यात येऊन गेलेली असते. "छत्री लागेल मला." "ती फाईल ठेव, मला लागेल." वस्तू शोधायला सांगा. सापडली तर गरज, नाही सापडली तर आयोडेक्स आणा. आणि मनाला लागलं असेल तर आपण बहुधा 'मनाला', 'जिवाला' किंवा 'बोलणं' असं काहीतरी जोडून बोलतो. "तिचं बोलणं फार लागलं मला." हे तिसरं आत्ताच नको, त्यांनी विचारलं की सांगा.